तगाईची विहीर आणि बेल-भंडार

हे पलटणीतून कायमचे सुटून घरी आले तेव्हा आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि संसार म्हणाल तर दोन रजांचा. पहिल्या रजेत लग्न झालं, दुसऱ्या रजेत हे निम्मे दिवस तापानं पडून होते. बाकीचा सगळा काळ हे ब्रह्मदेशाकडच्या रस्त्यांवर लष्कराची लॉरी चालवत होते आणि मी सासूबाईंबरोबर, म्हणजे आमच्यात म्हणतात तसं आत्याबाईंबरोबर, शेत बघत होते. लढाई संपली. हे पत्र्याची ट्रंक, दोन घोंगडी आणि एक मच्छरदाणी घेऊन दारात उभे राहिले. विट्याच्या पूर्वेला आमचं गाव. तिथं डास नव्हते, कारण डास व्हायला पाणीच कुठं साचत नव्हतं. त्या मच्छरदाणीत आत्याबाईंनी पुढं कैक वर्षं शेवया वाळवल्या.

घरी आल्यावर चार दिवस पाहुणेरावळे झाले, आणि पाचव्या दिवशी यांचा पलटणीतला मित्र शेजारच्या गावाहून आला. तोही लॉरीवालाच. कडक इस्त्रीची विजार, पायात बूट, आणि तोंडात मुंबई. तिथं मालाच्या लॉऱ्या चालवणाऱ्या एका शेठकडं त्यानं दोघांची वर्णी लावून ठेवली होती. आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की जायचं.

"हितं काय हाय गड्या?" तो ओसरीवर बसून म्हणाला. "पाऊस पडला तर जुंधळा, न्हाई पडला तर नुसता वारा."

हे त्याला नाही म्हणाले नाहीत. आत चुलीपाशी मी भाकरी थापत होते. मला कळून चुकलं की आखितीपर्यंत काही केलं नाही, तर आमचा संसार पुन्हा रजेवर जाणार.

माझं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या पेठेत तोलारी करायचे, पोती तोलून वजन पुकारायचे. घरात शिस्त अशी की करायचं काम आधी लिहायचं आणि झालं की त्यावर आडवी रेघ मारायची. ती सवय मी सासरी आणली. कागद कोण देणार, म्हणून गेरूनं दाराआडच्या भिंतीवर लिहायची. आत्याबाई म्हणायच्या, "आमच्या सूनबाई भिंतीला सारवत न्हाईत, भिंतीला शिकवत्यात."

यंदाच्या यादीत मात्र एकच काम लिहिलं: विहीर.

कारण त्याच आठवड्यात चावडीत हुकूम वाचून दाखवला होता. धान्य पिकवा म्हणून सरकार विहिरींना तगाई देतंय. तगाई म्हणजे शेतीसाठी सरकारचं कर्ज. आपली जमीन सरकारकडं तारण ठेवायची, विहीर खणायची आणि शेतसाऱ्याबरोबर वर्षावर्षाला हप्ता फेडायचा. माझ्या माहेरी हे नव्हतं, कारण सांगली संस्थानात आणि आम्ही खालसात, म्हणजे थेट इंग्रज सरकारच्या मुलखात. पहिल्यांदाच मला सासरचा मुलूख माहेरच्यापेक्षा बरा वाटला.

मी यांना सांगितलं. हे हसले.

"आगं, आजवर सरकारनं मला तारण ठिवून घेतलं हुतं. आता मी सुटलो तर जिमीन द्यायची व्हय?"

"तुमी सुटला की न्हाई? मग जिमीन बी सुटंल," मी म्हटलं.

यावर आत्याबाई मोठ्यानं हसल्या आणि काम निम्मं तिथंच झालं. जमिनीतलं पाणी सांगणारा पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून फिरला, आणि आमच्या वस्तीला लागून असलेल्या वावरात, उंबराच्या पूर्वेला, नारळ उभा राहिला. खरं सांगायचं तर नारळाची गरज नव्हती. त्या जागेवरचं गवत चैत्रातही हिरवं असायचं, हे मी भर उन्हाळ्यात तिथून शेण गोळा करताना कितीदा तरी पाहिलं होतं. पण पाणाड्यानं सांगितलं म्हणून आत्याबाईंचा विश्वास बसला आणि आत्याबाईंचा बसला म्हणून यांचा. आम्ही दोघं चावडीत गेलो. यांना लष्करात रोमन अक्षरं शिकवली होती, त्यामुळं हे इंग्रजी लिपीत हिंदी वाचायचे, पण आपला मराठी कागद माझ्याकडंच द्यायचे.

तलाठी शहरी वळणाचे होते. त्यांनी दप्तर काढलं, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि चष्मा वर केला.

"वस्तीजवळचं वावर म्हणता ना? उंबराचं? ते तुमचं नाही."

"आँ?" हे म्हणाले. "आवं, मी जल्मल्यापास्नं ततं जुंधळा काढतोय."

"जोंधळा तुमचा असेल. जमीन ओढ्याकाठच्या तात्यांच्या नावावर आहे. तुमच्या नावावर ओढ्याकाठचं वावर आहे."

हे कपाळावर हात मारून म्हणाले, "अदलाबदल!"

ती गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, म्हणूनच कुणाच्या ध्यानात नव्हती. आमचं मूळ वावर ओढ्याकाठचं, ते तात्यांच्या घरापाशी. तात्यांच्या वडिलांचं मूळ वावर उंबराचं, ते आमच्या वस्तीपाशी. राखणीला दोघांनाही लांब पडायचं. तेव्हा यांच्या आजोबांनी आणि तात्यांच्या वडिलांनी खंडोबाच्या देवळात जाऊन बेल-भंडार उचलला. देवापुढचं बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन म्हटलं, की आजपासून हे तुझं आणि ते माझं. आमच्या भागात बेल-भंडार उचलला की विषय संपला. खोटं ठरलं तर देव बघून घेईल, सरकारनं मध्ये पडायचं कारण नाही. मोजणीदार आला, नोंदी झाल्या, तेव्हाही दोघांनी आपापली जुनीच नावं सांगितली, कारण कागद हा त्यांच्या लेखी फक्त सारा भरण्यापुरता होता आणि दोन्हीकडचा सारा सारखाच होता. पुढं दर वर्षी पीकपाणी लिहिणाऱ्यांनी चावडीत बसूनच लिहिलं. शेतात कोण आहे हे बघायला उन्हात कोण जातो?

"ज्याच्या नावावर जमीन, त्याचंच तारण," तलाठी म्हणाले. मग आवाज उतरवून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "पण एवढं तोंड पाडायचं कारण नाही. ओढ्याकाठचं वावर कागदावर तुमचंच आहे की. ते तारण टाका. विहीर त्यातच खणतो म्हणून लिहू, खणायची तिथं खणा. तात्यांना विचारायचीसुद्धा गरज नाही."

"ते तात्यांचं हाय," हे म्हणाले.

"कागदावर तुमचं."

"आमच्या आज्यानं बेल-भंडार उचललाय."

"बेल-भंडार कचेरीत चालत नाही हो."

"कचेरीत न्हाई चालत, गावात चालतो. आमाला गावात ऱ्हायाचंय," हे म्हणाले आणि उठले.

गावात ऱ्हायाचंय! मी त्या वाक्यावर अशी खूश झाले की चावडीची पायरी चुकले. पण वाटेत हे म्हणाले, "म्हंजे, जवर हाय तवर." आणि मी पुन्हा जमिनीवर आले.

आता तात्यांकडं जाऊन दोन्ही वावरं कागदावर ज्याची त्याच्या नावावर करून घ्यायची, एवढंच उरलं होतं. ऐकायला सोपं. पण तात्यांचा आणि आमच्या घराचा अबोला होता. यांच्या चुलत बहिणीच्या लग्नात मानाचा फेटा आधी दुसऱ्याला बांधला गेला, तात्यांना नंतर. बस, तेवढंच. तेव्हापासून तात्या आमच्या घरातल्या माणसाशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं. आमची म्हैस सुटून त्यांच्या कडब्यात गेली तर ते स्वतः आणून बांधायचे, पण म्हशीला सांगायचे, "तुज्या मालकास्नी सांग, दावं बदला." आम्हीही म्हशीचं ऐकायचो.

आम्ही गेलो तेव्हा तात्या गोठ्यात बैलाच्या खांद्याला तेल चोळत होते. यांनी सगळं नीट सांगितलं. तात्यांनी मान वर केली नाही. बैलालाच म्हणाले,

"बैला, ऐकलंस का? आमच्या बाचा शब्द आता पुरंना. कागुद मागायला आल्यात."

"आवं तात्या, तसं न्हाई. सरकार मागतंय, आमी न्हाई."

"बैला, सरकारनं आमच्या बाला बघितलं हुतं का? यांच्या आज्यानं बघितलं हुतं. देवाच्या म्होरं उभा ऱ्हायला हुता त्यो. आन आता म्हणं कागदावर आंगठा उठवा. म्हंजे इतकी वरसं आमी खोटं हुतो, आन आता आंगठ्यानं खरं हुणार! ह्यो अपमान हाय बैला."

बैलानं कान हलवला. मी मध्ये बोलायला गेले, तर यांनी डोळ्यानं गप्प केलं. तात्यांचा राग जमिनीच्या लोभाचा नव्हता. असता तर माझ्याकडं उत्तर होतं. तो राग बापाच्या शब्दासाठी होता. घरी येऊन मी पुढचं काही लिहायला गेरू हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

दोन दिवस हे शेताकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी ट्रंक काढून बूट पुसायला बसले. ते बघून आत्याबाई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चल गं."

"कुठं?"

"बैलाकडं."

तात्या गोठ्यातच होते. आत्याबाई त्यांच्याकडं न बघता थेट बैलापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मग जे बोलणं झालं ते मी आजवर कितीदा तरी सांगितलंय, आणि दर वेळी हसू येतं. दोन्ही माणसं त्याच एका बैलाशी बोलत होती.

"बैला, तुज्या धन्याला सांग," आत्याबाई म्हणाल्या. "तलाठ्यानं माज्या लेकाला सांगितलंया, वड्याकाठचं वावर कागदावर तुजं हाय, त्येच तारण टाक. तात्याला इचारायची बी गरज न्हाई."

तात्यांचा तेलाचा हात थांबला.

"बैला, इचार तिला, मग ल्योक काय म्हणला?"

"म्हणला, ते तात्यांचं हाय. आन उठून आला."

तात्यांनी हात धोतराला पुसला. मग म्हणाले, "मग झालं की. बेल-भंडाराचं माणूस हाय ते. बैला, म्हणून तर म्हणतो, कागुद कशाला?"

"तुजा धनी येडा हाय बैला," आत्याबाई म्हणाल्या. मी घाबरून त्यांच्याकडं बघितलं, पण त्यांनी गाडी थांबवली नाही. "माजा ल्योक न्हाई म्हणला, कारण त्यानं आज्याला बघितलंय. त्येच्या लेकानं आज्याला बघितल्यालं असंल का? उद्या त्यो उठून वड्याकाठचं वावर सरकारात टाकील, आन तुज्या धन्याचा नातू घरात बसून म्हणंल, आमच्याकडं बेल-भंडार हाय. कोण ऐकंल त्येचं? बेल-भंडार ज्येनं उचलला त्येला ठाव, ज्येनं बघितला त्येला ठाव. पुढच्याला कोण सांगणार? तू सांगशील, बैला?"

आत्याबाई वळल्या आणि चालायला लागल्या. मी मागं. फाटकापर्यंत आलो तोवर मागून तात्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"बैला! त्यांस्नी इचार, सर्कल कवा येतोय गावात?"

सर्कल म्हणजे तलाठ्यांच्या वरचा अंमलदार. गावोगाव फिरून जमिनीच्या नोंदी खऱ्या की खोट्या ते तपासायचा. तो पुढच्याच बाजारादिवशी येणार होता. मी घरी अक्षरशः पळत आले.

बाजारादिवशी चावडीपुढं निम्मं गाव जमलं. सर्कल साहेब सायकलवरून आले, घामाघूम, पायघोळ विजारीला चिमटे लावलेले. कोवळ्या वयाचे होते, पण ऐकून घेणारे होते. तात्यांनी डोक्याला नवा फेटा बांधला होता. आल्या आल्या त्यांनी अट घातली.

"मी कागुद करणार न्हाई. मी पुन्ना बेल-भंडार उचलणार. तुमी बगा, आन तुमाला काय लिवायचं ते लिवा."

तलाठी हसले. सर्कल साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "बाबा, शपथ मला लिहिता येत नाही. पण तुम्ही तोंडानं जे सांगाल तो तुमचा जबाब, आणि जबाब मला लिहिता येतो. आधी तुमच्या देवापुढं सांगा, मग तेच माझ्यापुढं सांगा."

तात्यांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे आमी बोलायचं, तुमी लिवायचं?"

"तेवढंच."

"मग चला की! उनात कशाला हुबं केलंय साहेबास्नी?"

सगळी चावडी खंडोबाच्या देवळाकडं निघाली. पुढं तात्या, मागं हे, त्यामागं सायकल हातात धरून सर्कल साहेब. भंडारा कमी पडेल म्हणून मी घरून आणला होता, माहेरची सांगलीची हळद, राजापुरी, रंगाला एक नंबर. देवळात तात्यांनी आणि यांनी बेलाचं पान आणि मूठभर भंडारा हातात घेतला. त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, यांच्या आजोबांचं नाव घेतलं, उंबराचं वावर यांचं आणि ओढ्याकाठचं माझं, असं मोठ्यानं म्हटलं. अबोला होता, म्हणून यांच्याकडं न बघता देवाकडं बघून म्हटलं. मग हेही तसंच म्हणाले. बायकांच्या बाजूला कुणीतरी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. मी सर्कल साहेबांच्या हातातल्या दौतीकडं बघत होते. शाई वाळली तर?

देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. तात्यांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. फक्त एका ठिकाणी म्हणाले, "आमच्या बाच्या नावाम्होरं कैलासवाशी लिवा." लिहिलं. मग अंगठ्याची वेळ आली. तात्यांचा अंगठा भंडाऱ्यानं पिवळाधमक झाला होता.

"बोट पुसून घ्या आधी," सर्कल साहेब म्हणाले.

"पुसायचं न्हाई ते."

"अहो, ठसा नीट उठायला पाहिजे."

"उठंल. आमचा भंडारा शाईला भीत न्हाई."

आणि तसाच अंगठा त्यांनी शाईत बुडवून कागदावर दाबला. काळा ठसा उठला, आणि त्याच्या कडेला बारीक पिवळी रेघ. सर्कल साहेबांनी कागद उन्हाला धरला, बघितला आणि हसून म्हणाले, "माझ्या सगळ्या दप्तरात असा ठसा दुसरा नसेल." त्यांनी ऐटीनं सही केली. गावानं "येळकोट येळकोट" केला. तलाठ्यांनीही केला, हे मी स्वतः ऐकलं.

पुढं हरकतीची नोटीस चावडीच्या दाराला लागली. कुणाची हरकत असेल तर कळवावी. मी रोज काहीतरी निमित्त काढून चावडीवरून जायची आणि नोटीस जागेवर आहे ना बघायची. एकदा शेळीनं तिचा कोपरा खाल्ला होता. मी तलाठ्यांकडून खळ मागून घेतली आणि उरलेला कागद परत चिकटवला. हरकत कुणीच घेतली नाही. नोंद पक्की झाली, अर्ज तालुक्याला गेला आणि शिमग्याच्या आधी आम्हाला विट्याच्या कचेरीत बोलावणं आलं.

बैलगाडीतून निघालो. हे हाकत होते, मी मागं कागदांची गुंडाळी पोटाशी धरून. मामलेदारांनी सगळं तपासलं. जमीन तारण, नोंद पक्की, विहिरीची जागा ठरलेली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि मग यांच्या लष्करी कोटाकडं बघून थांबले.

"पलटणीतून आलात? पुन्हा कुठं नोकरीला जाणार नाही ना? हप्त्याला माणूस गावात पाहिजे. बायकामाणसांवर टाकून लोक मुंबई गाठतात."

हे क्षणभर टाकाकडं बघत राहिले.

"विहीर हुईस्तवर तर हाय, साहेब."

मामलेदारांना तेवढं पुरलं. मला पुरलं नाही. तगाई मंजूर झाली, कर्जाचा पहिला हप्ता हातात आला, बाजारातून दोरखंड, पहारी आणि घमेली घेतली, हे गाडीत शीळ घालत होते, आणि मी मागं बसून एकच शब्द चघळत होते: हुईस्तवर.

शिमगा झाला आणि खणायला सुरुवात झाली. त्या दिवसांइतकी धांदल मी आयुष्यात पुन्हा केली नाही. पहाटे भाकऱ्यांची चळत, दिवसभर पाण्याची घागर, मुरूम टाकायला बुट्ट्या, आणि दगड फोडणाऱ्या वडारांची तीन बिऱ्हाडं उंबराखाली उतरलेली. त्यांच्या बायका आमच्यापेक्षा बळकट आणि आमच्यापेक्षा हसऱ्या. मातीचा थर गेला, मुरूम गेला, मग काळा पाषाण लागला आणि सुरुंग सुरू झाले. "सुरुंगऽऽ हाय" अशी हाळी आली की सगळे बांधापलीकडं पळायचे, आत्याबाई कोंबड्या झाकायच्या, धडाम् व्हायचं, आणि धूर निवळायच्या आत हे काठावर हजर. लष्करातली लॉरी मागं घेताना मारायच्या शिट्ट्या यांनी विहिरीवर चालू केल्या. एक शिट्टी म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा, लांब एक म्हणजे पळा. वडारांची पोरंसुद्धा शिट्ट्यांवर काम करायला लागली. तात्या रोज येऊन काठावर बसायचे आणि उंबराला सल्ला द्यायचे. "उंबरा, सांग त्यास्नी, पूर्वेचा दगूड आधी फोडा, तकडं झिरपा हाय." अबोला होता तसाच होता, पण सल्ला बरोबर असायचा.

हे दिवसेंदिवस काळे, मळकट आणि खूश होत चालले होते. रात्री जेवता जेवता ताटातच बोटानं विहीर काढून दाखवायचे, इथं मोटेचं पाणी पडायचं थारोळं, इथून पाट, इथं ऊस. मी ऐकायची आणि मनात दिवस धरायची. आखिती जवळ येत होती, दगड मात्र कोरडाठाक होता. मुंबईचं नाव हेही काढत नव्हते आणि मीही काढत नव्हते.

आणि मग आखिती झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र येऊन उभा राहिला. इस्त्रीची विजार, बूट, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी. विट्याहून सर्व्हिसची मोटार दुपारी सुटायची.

"वैनी, कुठाय आमचा गडी?"

मी विहिरीकडं हात दाखवला. तो काठावर गेला आणि वाकून ओरडला,

"आरं ए गड्या! मुंबईला जायचंय का पाताळात? गाडी चुकंल, वर ये!"

खाली पहारीचा आवाज थांबला. मग यांचा आवाज आला, पण असा की मी पदर सावरून काठाकडं धावलेच.

"खाली ये! आरं खाली ये लौकर! दगूड ओला लागलाय!"

"आँ?"

"ओला लागलाय म्हणतोय! हात लावून बघ!"

काठावर एकच गडबड उडाली. वडारीण घमेलं टाकून वाकली, तात्या उठून उभे राहिले आणि उंबराला विसरून "कुठल्या बाजूनं रं? कुठल्या बाजूनं?" असं स्वतःच विचारायला लागले. मित्रानं क्षणभर स्वतःच्या बुटांकडं बघितलं. मग ट्रंक माझ्या पायाशी ठेवली, बूट काढले, आणि इस्त्रीच्या विजारीसकट दोराला धरून खाली उतरला. वरून मला दोन डोकी दिसत होती, पूर्वेच्या भिंतीला कान लावलेली.

"ठोक रं, हितं ठोक!"

"थांब, मला दी पहार!"

"तू साहेब हाईस मुंबईचा, सर बाजूला!"

"साहेब गेला खड्ड्यात!"

"खड्ड्यातच हाईस की!"

पहार पडली, पुन्हा पडली, आणि दगडाच्या भेगेतून एक धार सुटली. बोटाएवढी, पण जोरात, तिरकी, थेट मित्राच्या छातीवर. तो असा किंचाळला की वरची म्हातारीकोतारी घाबरली. मग दोघंही हसायला लागले, आणि मग पाण्यात पाय आपटायला लागले, लहान पोरांसारखे. यांनी शिट्टी मारली. एक नाही, दोन नाही, कुठल्याच नियमात न बसणारी, लांबच लांब. आत्याबाई पळत आल्या, हळदकुंकू कुठं ठेवलंय ते कुणालाच आठवेना, शेवटी त्यांनी तशीच मोकळ्या हातानं ओंजळ धरून धारेला नमस्कार केला.

मित्र वर आला तेव्हा विजार गुडघ्यापासून खाली चिखल होती आणि सूर्य पश्चिमेला कलला होता. सर्व्हिस मोटार कधीच गेली होती. त्यानं ट्रंकेवर बसून डोकं पुसलं आणि काठावर उभ्या यांच्याकडं बघितलं.

"गाडी गेली की रं."

"उद्या हाय की," हे म्हणाले. खाली पाण्याकडंच बघत होते. "तू जा उद्याच्यानं. शेठला सांग, दुसरा डायवर बघ. हितं आता मोट कोण हाकणार?"

मी ते ऐकलं आणि घराकडं वळले. दोन जास्तीच्या भाकऱ्या टाकायच्या होत्या.